सेट : नाम, क्रियापद, की माझी फजिती?

कानामात्रा (धागाकर्ती) :

मंडळी, आधी फजिती सांगते, मग प्रश्न विचारते.

गेले काही महिने मी एका मोबाइल अ‍ॅपचा मराठी अनुवाद करते आहे. समोर एक तक्ता असतो. डावीकडे इंग्रजी मजकूर, उजवीकडे रिकामी चौकट. मागचंपुढचं काही नाही, चित्र नाही, तो मजकूर पडद्यावर कुठे येणार तेही दिसत नाही. त्यात एका ओळीत एकच शब्द होता : 'सेट'. शाळेत गणितात संच शिकले, दूरचित्रवाणी संच हा शब्द ऐकत मोठी झाले. बिनदिक्कत 'संच' लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले. चाचणीसाठी अ‍ॅप हातात आलं तेव्हा कळलं, ते गजराच्या पडद्यावरचं बटण होतं. वेळ निवडायची आणि खाली ठळक अक्षरांत 'संच' दाबायचं! सगळ्यांच्या पोटात दुखेपर्यंत हसून झालं. मीही हसले, पण घरी येऊन तक्ता पुन्हा उघडला तर 'रेकॉर्ड', 'शेअर', 'व्ह्यू', 'पोस्ट', 'आर्काइव्ह' असे अजून कितीतरी बॉम्ब त्यात पेरलेले दिसले.

तर प्रश्न असा. एकच शब्द, रूपात काडीचा फरक नाही, तोच नाम आणि तोच क्रियापद. इंग्रजी बोलणाऱ्यांचा गोंधळ कसा होत नाही? आणि दुसरं, जे मला जास्त छळतंय : हा शब्द आपण मराठीत उठता-बसता वापरतो, पण कधीच 'सेटणे' म्हणत नाही. कायम 'सेट करणे' किंवा 'सेट होणे'. असं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.


अर्धविराम :

सेटणे! मी सेटतो, तू सेटतोस, ती सेटते. 'काल गजर सेटला आणि झोपलो.' वाईट नाही हो! हलके घ्या.

'संच' वाचून फुटलो. त्या बटणाला दाबल्यावर सहा गजर एकदम वाजायला हवेत.


पाटीपेन्सिल :

मी प्रौढांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न वर्षातून चार वेळा तरी येतोच.

गोंधळ होत नाही, कारण शब्द एकटा येत नाही. इंग्रजीत शब्दाची जात त्याच्या अंगावर लिहिलेली नसते, तो कुठे बसलाय त्यावर ठरते. आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काही आलं की पुढे नाम येणार हे ऐकणाऱ्याला कळतं. आधी 'टू', 'विल', 'कॅन' आलं किंवा कर्ता येऊन गेला, की क्रियापद. 'दे विल सेट द सेट' हे वाक्य कोणीही न अडखळता समजून घेतं. पहिला सेट 'विल'च्या मागोमाग आलाय, दुसरा 'द'च्या. तुम्हाला तक्त्यात मिळाला तो शब्द शेजारपाजार तोडून दिलेला होता. अशा एकट्या शब्दावर इंग्रज माणूसही चुकला असता.

'सेट'मध्ये अजून एक खोच आहे. 'पुट', 'कट', 'हिट', 'शट' यांच्यासारखी याची तिन्ही रूपं सारखीच. 'शी सेट' म्हटलं तर ते भूतकाळी, कारण वर्तमानात 'शी सेट्स' झालं असतं. 'दे सेट' म्हटलं की काल की रोज, हे संदर्भावरच सोडायचं. आणि भूतकाळी धातुसाधितही 'सेट'च, म्हणून तो विशेषणासारखाही वापरता येतो : 'ऑल सेट', म्हणजे सगळी तयारी झाली. नाम, क्रियापद, विशेषण, तिघांचा गणवेश एकच.

इंग्रजी आधीपासून अशी नव्हती, हे मात्र वर्गात सांगितलं की लोकांना धक्का बसतो. जुन्या इंग्रजीत 'प्रेम' हे नाम 'लुव्हू' होतं आणि 'प्रेम करणे' हे 'लुव्हियन'. शेवट वेगळे, त्यामुळे जात उघड दिसायची. साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकात हे शेवट झिजत गेले आणि दोघांचं मिळून एकच 'लव्ह' उरलं. असे हजारो शब्द एकसारखे दिसायला लागल्यावर लोकांनी तोच साचा धरला आणि नामाचं क्रियापद करणं ही रोजची गोष्ट झाली. त्यासाठी प्रत्यय शोधावा लागत नाही, फक्त शब्द उचलून दुसऱ्या जागी ठेवायचा.


जुनेवळण :

मला हे सगळे भाषेला शिस्त नसल्याचे लक्षण वाटते. ज्या भाषेत शब्द स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नाही, ती समृद्ध कशी म्हणावी? आपल्याकडे 'प्रेम' हे नाम आहे आणि नामच राहते. धातूला प्रत्यय लागतात, नामाला विभक्ती लागते, दोघांची सरमिसळ होत नाही. असला घोळ मराठीत संभवतच नाही. धागाकर्तीने इंग्रजीला दोष द्यावा, स्वतःला देऊ नये.


उंबरठा :

@जुनेवळण, संभवत नाही म्हणता? मग मला सांगा, 'तिचं गाणं मला आवडतं' या वाक्यात गाणं म्हणजे काय? ती गाते ते, की तिने रचलेली एक चीज?

'गाणे' हे धातूला 'णे' लागून झालेलं रूप, आणि 'गाणे' म्हणजे गीतसुद्धा. खेळणे : क्रियाही आणि बाहुलीही. दुखणे : गुडघा दुखणंही आणि आजारही. देणे : देण्याची क्रिया आणि फेडायचं कर्ज. येणे, म्हणणे, लाटणे, उलथणे... यादी वाढवत नाही. फरक कसा ओळखायचा? अनेकवचन करून बघा. 'गाणी' म्हटलं की फक्त गीतं. 'खेळणी' म्हटलं की फक्त वस्तू. 'जुनी दुखणी', 'थकलेली देणी'. क्रियेचं अनेकवचन होत नाही, 'त्याची धावणी' असं कोणी म्हणत नाही. म्हणजे एकाच रूपाच्या पोटात दोन जाती राहतात आणि आपण रोज त्या न चुकता वेगळ्या ओळखतो.


जुनेवळण :

'मागणी' हे 'मागणे'चे अनेकवचन नव्हे, एवढे लक्षात असू द्या. नाहीतर उद्या 'ओढणी'लाही बहुवचनी ठरवाल.

बाकी मुद्दा मान्य. परंतु तिथे 'णे' हा प्रत्यय तरी आहे. इंग्रजीसारखा उघडाबोडका शब्द दोन्हीकडे चालतो, असे मराठीत दाखवा.


उंबरठा :

'ओढणी' मान्य, मुद्दाम टाळली होती.

उघडाबोडका हवाय? घ्या : खेळ. नाच. शोध. बदल. मार. बोल. लाज.

'हा खेळ' नाम, आणि 'तू खेळ' क्रियापद. 'मोठा बदल झाला' आणि 'कपडे बदल'. 'बोल लागला' आणि 'काहीतरी बोल'. 'शोध लावला' आणि 'किल्ली शोध'. एकवचनी आज्ञार्थात आपला धातू नुसता उभा राहतो, आणि तसंच्या तसं नामही भाषेत असतं. यात इंग्रजीपेक्षा काय वेगळं आहे?

आता मजा बघा. कानामात्रा यांच्या अ‍ॅपमध्ये वापरणाऱ्याला 'तू' म्हटलं असतं तर बटणावर 'शोध' आणि 'बदल' आलं असतं, आणि ते नाम की आज्ञा हे कुणालाच ठरवता आलं नसतं. आपण 'शोधा', 'बदला' म्हणतो, अहोजाहो करतो, म्हणून घोळ टळतो. मराठीला इथे व्याकरणापेक्षा अदबीने वाचवलंय!


कानामात्रा :

दंडवत! अदबीचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता.


मुळाक्षर :

थोडं खोलात जातो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

'सेट' हे एकच शब्द दोन कामं करतोय याचं उदाहरण म्हणून सगळे घेतात. गंमत म्हणजे त्यातलं निम्मं खरं नाही. 'सेट' हे क्रियापद जर्मानिक कुळातलं, जुन्या इंग्रजीत 'सेट्टन'. पण 'वस्तूंचा सेट' या अर्थाचं नाम जुन्या फ्रेंचमधून आलं, ते 'सेक्ट' म्हणजे पंथ या शब्दाचं भावंड, मूळ लॅटिन 'सेक्टा', अनुयायांचा जथा. दोघं वेगवेगळ्या घरचे. उच्चार जुळला, एकमेकांच्या अर्थाची सावली पडली, आणि आता सख्खे भाऊ वाटतात. सूर्यास्त दाखवणाऱ्या 'सनसेट'मधला सेट मात्र क्रियापदाच्याच घरचा.

म्हणजे तुम्ही 'संच' लिहिलंत तेव्हा फक्त जात चुकली नाही, खानदानच चुकलं.

आता 'सेट्टन'. हे 'सिट'चं प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. अशा जोड्या इंग्रजीत अजून शिल्लक आहेत : लाय–ले, राइझ–रेझ, फॉल–फेल. शेवटची नीट पाहा. 'फॉल' पडणे, 'फेल' पाडणे, म्हणजे झाड तोडून पाडणे. आपल्याकडे पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तरणे–तारणे. स्वर बदलून प्रयोजक करण्याची ही युक्ती दोन्हीकडे आहे. इंग्रजीत ती गोठून गेली, आणि आज इंग्रजी बोलणाऱ्यांनाही सिट आणि सेट नातेवाईक आहेत हे सांगावं लागतं.

'सिट'चं मूळ आणि संस्कृत 'सद्' हा धातू एकाच घरातले. सदन, परिषद, संसद या सगळ्यांत तो बसलेला आहे. लॅटिन बाजूने 'सेशन' आलं. त्यामुळे 'संसदेचं सेशन' म्हणताना आपण एकच मूळ दोनदा उच्चारतो. मराठी 'बसणे' मात्र त्यातलं नाही, ते 'उपविश्' वरून, बैसणेमार्गे आलं.

आणि आता कामाची गोष्ट. 'सेट' म्हणजे 'बसवणे' हे एकदा डोक्यात ठेवलं की अर्थ आपोआप उलगडतात. हिरा कोंदणात सेट करतात, आपण बसवतो. मोडलेलं हाड सेट करतात, आपण बसवतो. कवितेला चाल बसवतो, नाटक बसवतो, घडी बसवतो, जम बसवतो. एका शब्दाने इतकी कामं करावीत याचं आपल्याला इंग्रजीत नवल वाटतं. 'बसवणे'कडे आपण कधी त्या नजरेने पाहिलेलंच नसतं.


अर्धविराम :

आता बसून वाचतो. म्हणजे सेट होऊन.


पाटीपेन्सिल :

@मुळाक्षर, सुरेख. आकड्यांची भर घालते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदवले होते आणि बरीच वर्षं तोच सर्वांत जास्त अर्थांचा शब्द मानला जायचा. पुढे नव्या आवृत्तीसाठी नोंदी तपासताना 'रन'ने त्याला मागे टाकलं. कोशकार पीटर गिलिव्हर यांनी त्या एका क्रियापदावर नऊ महिने काम केलं, अर्थ भरले ६४५.

नऊ महिने, एक शब्द. आपण तक्त्यात त्याला नऊ सेकंद देतो.


तिसराकंस :

कानामात्रा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी नीट वळलंच नाही. 'सेट करणे'मध्ये हा 'सेट' आहे कोण? बहुतेक जण म्हणतील नाम, कारण 'करणे'च्या आधी नाम येतं : अभ्यास करणे, मदत करणे, फोन करणे. मी म्हणतो, नाम नाही. पुरावा क्रियापदाच्या लिंगात आहे.

गजर सेट केला. वेळ सेट केली. घड्याळ सेट केलं.

केला, केली, केलं कोणाप्रमाणे बदललं? गजर, वेळ, घड्याळ यांच्याप्रमाणे. 'सेट' पुल्लिंगी नाम असता तर प्रत्येक वेळी 'केला'च यायला हवं होतं. आता 'फोन' घ्या. 'आईला फोन केला', 'मित्राला फोन केला', 'ऑफिसला फोन केला'. इथे क्रियापद 'फोन'शीच जुळतं. 'आई फोन केली' असं कोणी म्हणणार नाही. म्हणजे 'फोन करणे'तला फोन नाम आहे, आणि 'सेट करणे'तला सेट हा 'साफ करणे', 'बंद करणे', 'सुरू करणे' यातल्या साफ, बंद, सुरू यांच्या पंगतीतला आहे. म्हणजे विशेषणासारखा.

आपल्या भाषेत याची तयार जोडी आहे : 'कामाला सुरुवात केली' आणि 'काम सुरू केलं'. सुरुवात नाम आहे, म्हणून केली. सुरू नाम नाही, म्हणून क्रियापद कामाकडे बघतं.

कर्माला 'ला' लागलं की फरक अजून उघडा पडतो. 'तिला फोन केला', पण 'तिला कन्फ्यूज केलं'. पहिल्यात फोनचं पुल्लिंग टिकलं, दुसऱ्यात क्रियापदाला जुळायला कोणी उरलंच नाही, म्हणून ते नपुंसकलिंगी झालं.

थोडक्यात, इंग्रजीतून येताना शब्दाला आपल्या वेशीवर विचारलं जातं, तू कोण? कॉल, मेसेज, फोन म्हणाले आम्ही नाम. चेक, सेट, बुक, शेअर, मिस म्हणाले आम्ही साफ-बंदच्या ओळीत उभे राहतो. तिकीट बुक केलं, वही चेक केली, संधी मिस केली. क्रियापद म्हणून आत यायला मात्र कोणालाच परवानगी मिळाली नाही.


पाटीपेन्सिल :

वा! पण मग माझी एक शंका. सेटचं धातुसाधित रूप सेटच आहे, ते विशेषणासारखं आलं हे समजलं. चेकचं तर 'चेक्ड' होतं, मग आपण 'चेक्ड करणे' का म्हणत नाही?


तिसराकंस :

कारण आपण इंग्रजीचं व्याकरण आयात करत नाही, फक्त शब्द करतो. त्याचं शेपूट कापून घेतो. इंग्रजीत माणूस 'बोअर्ड' होतो, आपण 'बोअर झालो' म्हणतो. ते 'कन्फ्यूज्ड', आपण 'कन्फ्यूज झालो'. ते 'इम्प्रेस्ड', आपण 'इम्प्रेस झालो'. आपल्याला तो शब्द नुसता हवा असतो, काळ-पुरुष-लिंग लावायला करणे-होणे समर्थ आहेत. आणि त्यात फायदा बघा : 'करणे' लावलं की सकर्मक, 'होणे' लावलं की अकर्मक. गजर सेट केला, सगळं सेट झालं. 'सेटणे' असं क्रियापद केलं असतं तर दुसऱ्या कामासाठी 'सेटवणे' घडवावं लागलं असतं. अर्धविरामरावांच्या वाक्यातला 'गजर सेटला' वाचून मला क्षणभर गजर आपणहून सेट झाला असं वाटलं, ते त्यामुळेच.


अर्धविराम :

माझा विनोद व्याकरणात चिरडला गेला. आनंद आहे.

पण नियम मोडणारा शब्द देतो : ट्राय. 'नवी पद्धत ट्राय केली' आणि 'एक ट्राय केला'. कसं?


तिसराकंस :

नियम मोडत नाही, पाळतोय. पहिल्यात क्रियापद पद्धतीशी जुळतंय, तिथे ट्राय साफ-बंदच्या ओळीत. दुसऱ्यात 'एक' हे विशेषण लागलं, ट्राय नाम झाला, म्हणून केला. म्हणजे एकच शब्द आपण दोन दारांतून आत घेतला, आणि कोणत्या दारातून आला हे लिंग सांगतं. 'लाइक'चंही तेच : 'तिची कविता लाइक केली', पण 'तिच्या कवितेला पन्नास लाइक मिळाले'.

पाटीपेन्सिलताई म्हणाल्या इंग्रजीत शब्दाची जात जागेवरून कळते. आपल्याकडे ती शेवटच्या 'ला-ली-लं'वरून कळते. गोंधळ दोघांनाही नाही, फक्त बघायची जागा वेगळी.


जुनेवळण :

हा प्रतिसाद वाचून काढून ठेवला आहे. पूर्वीचे विधान मागे घेतो, अंशतः.

परंतु क्रियापद म्हणून कोणालाच प्रवेश मिळाला नाही, हे पटत नाही. परभाषेतले शब्द आपण पूर्वी थेट धातू केले आहेत. फर्मावणे, आजमावणे, खर्चणे, बदलणे, कबूलणे. हे फारसी-अरबी मूळचेच ना? म्हणजे उंबरठा यांनी वर मराठी म्हणून नाचवलेला 'बदल'सुद्धा पाहुणाच निघाला. तेव्हा चालले, आता का नको?


उंबरठा :

@जुनेवळण, बदलवर पकडलंत, मानलं.

बरोबर आहे, आणि आताही अगदीच थांबलेलं नाही. 'गुगलून बघ' आपण इथेच किती वेळा लिहितो! शिवाय मराठीत नामापासून धातू करायची पूर्ण यंत्रणा आहे. हात–हाताळणे, लाथ–लाथाडणे, पाणी–पाणावणे, डोके–डोकावणे, रंग–रंगवणे. शाळेत नामसाधित धातू म्हणून शिकवलेलं असतं. गंमत ही की इंग्रजीने नुसतं नाम उचलून ठेवलं, तर आपण 'आळ', 'आड', 'आव' असं काहीतरी जोडतो, आणि त्या जोडणीत अर्थही फिरतो. हाताळणे म्हणजे नुसता हात लावणं नाही, आणि डोकावणे म्हणजे डोकं मारणं तर नाहीच.

'गुगलणे' टिकलं आणि 'सेटणे' का नाही, याचं माझं उत्तर असं. 'गुगलणे'त एक विशिष्ट कृती ठसठशीत दिसते. 'सेट'चे अर्थ इतके की एक मराठी धातू त्यांना पेलणार नाही.


मुळाक्षर :

'गूगल'ची उलटी तक्रार आहे. ते कंपनीचं नाव, त्याचं क्रियापद झालं, ते २००६ साली ऑक्सफर्डच्या कोशातही गेलं, आणि कंपनीला काळजी लागली की उद्या कोणत्याही शोधाला लोक गूगल म्हणतील आणि नावावरचा हक्क जाईल. आमच्याच यंत्रावर शोधलं तरच हे क्रियापद वापरा, असं त्यांनी लोकांना सुचवून पाहिलं. भाषा असल्या सूचना ऐकत नाही.

ही कुरकुर इंग्रजीत फार जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी डिसेंबर १७८९ मध्ये कोशकार नोआ वेब्स्टर यांना पत्र लिहून 'नोटिस', 'अ‍ॅडव्होकेट' आणि 'प्रोग्रेस' ही नामं क्रियापदं म्हणून वापरण्याची नवी खोड मोडून काढायला सांगितलं होतं. आज ती तिन्ही क्रियापदं इतकी साधी वाटतात की त्यांच्यावर कधी कोणी चिडलं असेल यावर विश्वास बसत नाही. भाषा आणि मानसशास्त्राचे अभ्यासक स्टीव्हन पिंकर यांच्या अंदाजाने इंग्रजी क्रियापदांपैकी साधारण एक पंचमांश मुळात नामं होती.

@जुनेवळण, फ्रँकलिन तुमच्या बाजूने होते, एवढं समाधान घ्या.


जुनेवळण :

घेतले.


पाटीपेन्सिल :

राहून गेलेला एक उपयोगी भाग. काही जोड्यांमध्ये इंग्रजी जात कानाला सांगते. आघात पहिल्या अक्षरावर असेल तर नाम, दुसऱ्यावर असेल तर क्रियापद. 'रेकॉर्ड' नाम, 'रिकॉर्ड' क्रियापद. 'प्रेझेंट' आणि 'प्रिझेंट' तसंच. काही ठिकाणी शेवटचं व्यंजन बदलतं : 'यूस' नाम, 'यूझ' क्रियापद, 'हाउस' आणि 'हाउझ'. आपण दोन्हीकडे 'यूज' म्हणून मोकळे होतो.

सेटच्या बाबतीत हे 'सेटअप'मध्ये सापडेल. क्रियापद असेल तर दोन शब्द सुटे लिहितात आणि भर 'अप'वर येतो. नाम असेल तर जोडून, आणि भर 'सेट'वर. बॅकअप, लॉगिन, चेकआउट सगळ्यांना हेच. तक्त्यात शब्द सुटा दिसला तर क्रियापद समजा, जोडलेला दिसला तर नाम. लिहिणाऱ्याने नीट लिहिलं असेल तर! तिथे माझी हमी नाही.


अर्धविराम :

अवांतर : 'सेटिंग' विसरलात. इंग्रजीत ते मांडणी नाहीतर पार्श्वभूमी. आपल्याकडे फोनच्या सेटिंगमध्ये जातात ते एक, आणि 'त्याची आत सेटिंग आहे' हे दुसरंच. हा दुसरा अर्थ ऐकून इंग्रज माणूस तोंडात बोट घालेल. आणि बघा, सेटिंग 'लावतात', 'करतात'ही. त्याला लिंगही मिळालंय, ती सेटिंग. पूर्ण नागरिकत्व.


चौकटराजा :

मी प्रोग्रामर आहे, इथे फक्त वाचत होतो, पण आता अपराधी वाटतंय म्हणून लिहितो.

कानामात्रा, तुमच्या तक्त्यात एकाकी शब्द येण्याला माझ्यासारखे लोक जबाबदार असतात. आम्ही इंग्रजीत विचार करून मजकूर लिहितो. 'आर्काइव्ह' हे कप्प्याचं नाव आणि 'आर्काइव्ह' हे बटण, दोन्हीकडे अक्षरं तीच, मग दोन नोंदी कशाला? एकच नोंद दोन ठिकाणी वापरली, काम वाचलं. इंग्रजीत काही बिघडत नाही. मराठीत मात्र तुम्हाला 'संग्रह' आणि 'संग्रहात टाका' असे दोन शब्द हवे असतात आणि चौकट एकच असते. तुम्ही काहीही लिहा, एक जागा चुकणारच.

उपाय जुना आहे. गेटटेक्स्टसारख्या अनुवादाच्या साधनांत प्रत्येक मजकुराला संदर्भ जोडायची सोय असते : हे बटण आहे, हे शीर्षक आहे. दोन संदर्भ दिले की त्याच शब्दाच्या दोन नोंदी होतात. सोय आहे, आम्ही ती भरत नाही. आळस, दुसरं काही नाही. तुमच्या लोकांकडे हट्टाने मागा.


कानामात्रा :

सगळ्यांचे मनापासून आभार. @चौकटराजा, तुमचा प्रतिसाद दाखवून मागितलं आणि मिळालं! आता तक्त्यात तिसरा स्तंभ आहे : बटण, शीर्षक, सूचना. अशा एकोणीस ओळी दुरुस्त केल्या.

गजराच्या बटणावर आता 'लावा' आहे. गजर आपण लावतोच की, हे इतक्या दिवसांत मला सुचलं नव्हतं, इतका तो 'सेट' डोळ्यांवर बसला होता. तारखेच्या पडद्यावरही इंग्रजीत 'सेट'च आहे, तिथे 'लावा' विचित्र वाटलं, म्हणून 'ठरवा' केलं. मुद्रणयंत्राच्या आराखड्यात 'बसवा' चाललं. म्हणजे इंग्रजी एक आणि मराठी तीन. 'आर्काइव्ह'ची नोंद मात्र अजून फुटलेली नाही, त्यांच्याकडे ती पुढच्या आवृत्तीत होणार आहे. तोवर दोन्हीकडे 'संग्रह' ठेवलंय. बटणावर ते नाम दिसतं, पण निदान हसू येत नाही.

'सर्च'ला दोन्ही जागी 'शोध' लिहिलं. शीर्षक म्हणून नाम, आणि बटणावर कोणाला ती 'तू'वाली आज्ञा वाटली तर वाटो.

पुढची फाइल काल आली. पहिल्याच ओळीत 'रन' आहे, आणि तिसरा स्तंभ रिकामा.


अर्धविराम :

६४५ भागिले नऊ महिने. नवीन धागा काढा, आम्ही सेट आहोत.